आचाऱ्यांच्या गोळ्या

हुडकेश्वरला आमच्या गल्लीत मी नवीन राहायला आले तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, तुम्ही काय करता. मी म्हटलं, झिपचं काम करते. दुसऱ्या दिवशी त्या नातीचं दप्तर घेऊन आल्या. चेन अडकत होती. मी मेणबत्ती घासून ती चालू करून दिली आणि तेव्हापासून गल्लीभर माझी ओळख चेनवाली बाई अशीच आहे. नोकरीतून निवृत्त झाले तरी दप्तरं येतातच. खरं काय ते सांगायला गेलं की समोरच्याचे डोळे मिटायला लागतात, म्हणून मी सांगायचं सोडून दिलं. या अंकाच्या संपादकांनी मात्र 'सगळं समजावून लिहा, पानं देतो' असं कबूल केलं आहे. आता त्यांनी भोगावं आणि त्यांच्याबरोबर तुम्हीही.

माझे आजोबा उमरेडला मागावर बसायचे. विकायला निघताना ते लुगडी दाबून, घडीवर घडी ठेवून, जाड कापडात बांधायचे आणि प्रत्येक घडीला एक चिठ्ठी खोचायचे. झिप फाइल हेच करते. फोटो, कागद, जे असेल ते दाबून लहान करते, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी लावते आणि सगळ्याचं एक गाठोडं करते. पलीकडचा माणूस ते सोडतो. हे बांधणं-सोडणं कॉम्प्युटरला शिकवणाऱ्या ज्या मजकुरानं होतं तो प्रत्येक प्रोग्रॅमवाला स्वतः लिहीत बसत नाही, तयार घेतो. अशा तयार मजकुराला आमच्यात लायब्ररी म्हणतात, पुस्तकांशी तिचा काही संबंध नाही. चक्कीवरून कांडून आणलेल्या मसाल्यासारखं आहे ते. गल्लीतल्या सगळ्या घरांत तोच जातो, आणि त्यात खडा राहिला तर सगळ्यांच्या भाजीत तोच खडा लागतो.

अशाच एका लायब्ररीवर माझी नोकरी गेली. म्हणजे खर्ची पडली. जगभरचे लोक मिळून ती सांभाळतात आणि आमच्या कंपनीनं माझी नेमणूक तिच्यावर केली होती. कोणाच्या तरी जुन्या गाठोड्याची गाठ नव्या हातांना का सुटत नाही, आणि नव्याची जुन्यांना का सुटत नाही, हे बघायचं माझं काम. इंग्रजीत त्याला कॉम्पॅटिबिलिटी म्हणतात. आपल्याकडे जुळवून घेणं म्हणतात आणि ते घरात कोणाच्या वाट्याला येतं ते बायकांना सांगायला नको.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एक गृहस्थ झिपची झिप आणि तिची परत झिप करायचे, फाइल अजून लहान होईल म्हणून. त्यांना मी सांगून दमले की साहेब, लुगडं कितीही पिळलं तरी त्याचा रुमाल होत नाही. एक लग्नाचे व्हिडिओ काढणारा होता. जुन्या पद्धतीच्या झिपला एका मापापुढे मोजताच येत नाही, आणि ह्यानं अख्खं लग्न तिच्यात कोंबलेलं. गाठोडं सोडलं तर हळद निघाली, वरात निघाली, हार घेऊन उभी असलेली नवरी निघाली आणि पुढे काहीच नाही. हा आमच्या ऑफिसात येऊन खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मॅडम, पोरीचा बाप मले विचारून राहिला का जावई कुठी गेला." जावई शोधायला मला बराच खटाटोप करावा लागला. सापडला तेव्हा तो इतका घामेजलेला होता की नसता सापडला तरी चाललं असतं, असं मला वाटलं. संत्रा बर्फीचा डबा मात्र आला.

अशा गोष्टींवर मी हसत आले. आमच्या कामात चूक झाली तर जास्तीत जास्त काय होतं, कोणाचा तरी खोळंबा होतो, कोणीतरी फोनवर ओरडतं. माणूस मरत नाही. नवीन पोरापोरींना मी हेच सांगायची, की घाबरू नका, आपण काही डॉक्टर नाही. हे वाक्य मी आता बोलत नाही. का, ते सांगते.

निवृत्तीनंतरही मी घरून लायब्ररीचं थोडं थोडं काम बघत होते. त्याच सुमारास माझ्या नवऱ्याला हृदयविकाराचा झटका आला. ते खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, जन्मभर बॉयलरशी बोलल्यामुळे आवाज मोठा. तो आवाज एकदम बसला. मी काही दिवस दवाखान्यातच होते, कॉम्प्युटर उघडला नाही. तेवढ्यात लायब्ररीत एक बदल झाला. तो मारेकनं केला. मारेक पोलंडचा, अतिशय व्यवस्थित मुलगा. बदलही शहाणपणाचा होता. हल्ली लबाड लोक फाइलच्या नावात न दिसणारी अक्षरं घुसवतात. तुम्हाला दिसतं बिल, आणि उघडायला गेलं की निघतो चोर. म्हणून मारेकनं नियम केला, की फाइलच्या नावात जे अक्षर डोळ्यांना दिसत नाही ते झाडून टाकायचं. सगळ्यांनी वाहवा केली आणि मी घरी परत येईपर्यंत तो नियम जगभर पोचला होता.

त्यानंतर एका सकाळी किशोरचा फोन आला. किशोर रामदासपेठेतल्या एका दवाखान्याचे कॉम्प्युटर सांभाळतो. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये आमचीच लायब्ररी आहे, म्हणून काही अडलं की तो मला धरतो.

"मॅडम, झिपमधून एक फोटो कमी निघून राहिला."

"कोणाचा?"

"आचार्यांचा."

उमरेड रोडला एक संस्कृत पाठशाळा आहे, मुलं तिथंच राहतात. तिचे मुख्य म्हणजे आचार्य, चांगले म्हातारे. आणि स्वयंपाकघर सांभाळणारा तो आचारी, तोही काही तरुण नाही. आचाऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि आचार्यांची नुसती तपासणी, तीही पुढच्या आठवड्यात. दवाखान्यानं सांगितलं होतं की पेशंट कोणत्या गोळ्या घेतो त्या पाकिटांचा फोटो पाठवा, म्हाताऱ्या माणसांना नावं सांगता येत नाहीत. पाठशाळेचे लिपिक देवतळेबाबू. त्यांनी एक खेप वाचवली. पेपर पसरून त्यावर आधी एकाची पाकिटं मांडली, फोटो काढला, मग दुसऱ्याची मांडली, फोटो काढला, आणि दोन्ही एकाच झिपमध्ये पाठवून दिले.

"आचाऱ्यांच्या गोळ्या आल्या," किशोर म्हणाला, "त्या मी त्यांच्या पेशंट-नंबरले लावून देल्या. आचार्यांच्या नाही आल्या. देवतळेबाबू म्हणते दोन्ही टाकल्या. मले म्हणते, तुमचं मशीन फोटो खाते काय गा."

"पाठव ती झिप. घाई आहे का?"

"नाही नाही. आचार्यांचं तं पुढच्या हप्त्यात आहे. आरामानं पाहा."

आरामानंच पाहिलं. माझ्याकडे लायब्ररीची जुनी आवृत्तीही असते आणि नवीनही. जुनीनं झिप सोडली, दोन फोटो निघाले. नवीननं सोडली, एकच निघाला. चूक अशी हाताशी सापडली की आमच्या धंद्यात निम्मं काम झालं समजतात. मी खूश होऊन चहा करून आणला आणि मग ती दोन नावं वाचली.

तुम्हीही मोठ्यानं वाचा. आचार्यांच्या गोळ्या. आचाऱ्यांच्या गोळ्या. पहिल्यात जीभ 'चा'वर आपटते, दुसऱ्यात हलकेच सरकून जाते. लिहिताना पहिल्यातला र रफार होऊन डोक्यावर चढतो आणि दुसऱ्यातला आडवा होऊन शेजारच्या अक्षराला टेकतो. एवढाच फरक. एक शिकवतो, एक जेवू घालतो. आमच्या शेजारच्या वऱ्हाडाच्या तर नावातच हा आडवा र आहे, आम्हाला तो वेगळा शिकवावा लागत नाही. पण कॉम्प्युटरला शिकवावा लागतो. देवतळेबाबूंचा कीबोर्ड आडवा र लिहिताना त्याच्यापुढे एक न दिसणारं अक्षर ठेवतो. त्याचं काम एकच, र ला दटावायचं की वर चढू नकोस, इथंच थांब.

मारेकच्या नियमानं ते अक्षर झाडून टाकलं होतं. दटावणारं कोणी राहिलं नाही, र डोक्यावर चढला आणि आचारी आचार्य झाला. एका गाठोड्यात एकाच नावाच्या दोन वस्तू झाल्या. आणि दवाखान्याचा प्रोग्रॅम अशा वेळी काही विचारत नाही, आधी निघालेली पुसतो आणि नंतरची तिच्या जागी ठेवतो.

इथपर्यंत मी मनातल्या मनात मारेकला पत्र लिहीत होते. मग माझ्या लक्षात आलं की देवतळेबाबूंनी आधी आचाऱ्याचा फोटो टाकला होता. पुसला गेला तो आचाऱ्याचा. किशोरच्या हाती उरला तो आचार्यांचा, आणि त्यानं तो आचाऱ्याच्या नंबरला लावून दिला होता. हरवलेला फोटो वेगळाच होता आणि सापडलेला चुकीच्या माणसाला चिकटला होता.  कप खाली ठेवायचंही सुचलं नाही.

मी दोन्ही फोटो मोठे करून शेजारी शेजारी ठेवले. आचार्यांची दोनच पाकिटं होती. आचाऱ्याची बरीच होती. मागून नवरा आला आणि चष्मा वर करून, आचाऱ्याच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "ही तं माही गोळी आहे वं."

"कोणती?"

"ही लाल पट्टीची. रक्त पातळ ठेवाची. माहा दात काढाचा होता तेव्हा डॉक्टरनं आधी बंद करून ठेवली होती, आठवते का? म्हणे नाहीतर रक्त थांबत नाही." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "काहून? कोणाचं आपरेशन आहे?"

मी किशोरला फोन लावला. आचाऱ्याचं ऑपरेशन कधी आहे, एवढंच विचारलं.

"आजच आहे मॅडम. सकाळीच वर नेलं त्याले."

"किशोर, तुझ्याजवळचा फोटो आचाऱ्याचा नाही. तो आचार्यांचा आहे."

"नाही मॅडम, आचाऱ्यांच्याच लिहून आहे त्याच्यावर."

"र कुठे आहे ते बघ. वर आहे का आडवा?"

त्यानं बघितलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "वर आहे."

त्याचा काय दोष. समोर पेशंट आचारी, मनात आचारी, मग डोळ्यांनीही आचारीच वाचलं. आपण सगळे असंच वाचतो. मी सांगितलं, तो माणूस रक्त पातळ करायची गोळी घेतो, आज सकाळीही घेतली असेल, डॉक्टरांना माहीत नाही, पळ. तो पळाला. फोन बंद करायचं त्याला भान राहिलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू येत होतं. जिन्यावरची पावलं. कोणीतरी दरडावलं, चप्पल काढा. मग किशोरचा आवाज, धापा टाकत, "आचारी कुठे आहे?"

एक बाई म्हणाली, "कोण आचारी?"

"हर्नियावाला. पाठशाळेतला."

"आज हर्निया दोन-तीन आहेत. नाव सांगा."

किशोर फोनमध्ये ओरडला, "मॅडम, नाव काय आहे त्याचं?"

मला माहीत नव्हतं. किशोरलाही माहीत नव्हतं, त्याच्याकडे नुसता नंबर आणि तो खाली टेबलावर राहिलेला. झिपबरोबरच्या निरोपात देवतळेबाबूंचा नंबर होता, तो मी नवऱ्याच्या फोनवरून लावला. त्यांना म्हटलं, आचाऱ्याचं नाव सांगा, लवकर. ते म्हणाले, "आचाऱ्याचं? थांबा ताई. आचाऱ्याचं नाव…" आणि थांबले. पलीकडे त्यांनी कोणाला तरी विचारलं, त्यानं अजून कोणाला तरी विचारलं. पाठशाळेत वर्षानुवर्षं ज्याच्या हातचं जेवत होते त्या माणसाचं नाव तिथं एकालाही चटकन सांगता येईना. "आम्ही त्यांना आचारीच म्हणतो हो," देवतळेबाबू रडकुंडीला येऊन म्हणाले. माझ्या एका कानाला ते आणि दुसऱ्या कानाला दवाखान्यातली ती बाई, नाव सांगा, नाव सांगा.  नवऱ्यानं पंखा बंद केला, मला नीट ऐकू यावं म्हणून.

मग किशोरनं त्याला सुचलं ते केलं. वाटेत येईल तो पडदा बाजूला सारत सुटला आणि हाका मारायला लागला, "पाठशाळेचे आचारी कोण आहे? आचारी!"

अगदी जवळून, शांतपणे एक आवाज आला. "मीच आचारी. काय झालं गा? जेवण लागलं काय?"

त्याला नेमकं आत ढकलत होते. दाराशी होता.

 किशोरनं नंतर फोन कानाला लावला तेव्हा तो रडत होता आणि मीही. डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवलं, गोळी काही दिवस बंद ठेवायला सांगितली. दुपारी त्यांनी मला स्वतः फोन केला. एका र मुळे, असं त्यांनी परत परत विचारलं. मी दोन्ही शब्द लिहून पाठवले. ते त्यांनी मोठ्यानं वाचून बघितले. मग म्हणाले, "पोट उघडलं असतं आणि रक्त का थांबत नाही म्हणून आम्ही शोधत बसलो असतो." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मारेकला मी सगळं कळवलं. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं. तो माणूस जिवंत आहे ना, एवढंच. नियम त्यानं तेव्हाच मागे घेतला आणि मग आम्ही दोघांनी बसून नवा लिहिला. ज्या लिपीला न दिसणाऱ्या अक्षराची गरज आहे तिथं ते राहू द्यायचं. आणि दोन नावं सारखी झालीच तर लायब्ररीनं एकावर दुसरं न टाकता थांबायचं आणि विचारायचं. नियम पुन्हा कोणी मोडू नये म्हणून आम्ही एक चाचणी ठेवली. लायब्ररीत कोणीही, कुठल्याही देशात, काहीही बदललं की आधी ती चाचणी पार करावी लागते. तिच्यात दोनच फाइली आहेत, आचार्यांच्या गोळ्या आणि आचाऱ्यांच्या गोळ्या. मराठीचं एक अक्षर न कळणारी माणसं दिवसभर ह्या दोन गोळ्या तपासत असतात. याचा मला अभिमान वाटतो, लपवत नाही.

ऑपरेशन नीट झालं. आचारी परत कामावर गेल्याचं किशोरकडून कळलं तेव्हा मी आणि नवरा पाठशाळेत गेलो. मनात थोडं असं होतं की माणूस दोन गोड शब्द बोलेल. तो ओट्यापाशी उभा राहून एका पोराला भात उपसायला लावत होता. देवतळेबाबूंनी माझी ओळख करून दिली.

"तुम्हीच का त्या," तो म्हणाला. "तुमच्या मशीननं माहं आपरेशन लांबवलं. इथं पोरं पाण्यासारखं वरण खाऊन राहिले होते."

नवरा मोठ्यानं हसला, झटक्यानंतर पहिल्यांदा इतक्या मोठ्यानं. आम्हाला पाट मांडून वाढलं. वांग्याची भाजी अशी होती की मी मुकाट जेवले. हात धुताना मी विचारलं, "तुमचं नाव काय हो?"

"निनावे."

मला वाटलं टोमणा मारला. इतकं सगळं झाल्यावर तो मारायचा हक्कही होता त्याला. मी म्हटलं, "असं काय बोलता. खरंच विचारते आहे."

"मीही खरंच सांगून राहिलो बाई. शंकर निनावे. आमचे आजे मागावर होते, उमरेडले." मग टॉवेलला हात पुसत म्हणाला, "दवाखान्यात नाव लिहून घेणाऱ्या पोरीलेही मजाकच वाटली होती."

मी उमरेडच्या मागवाल्यांची नात. निनावे हे आडनाव मी लहानपणापासून ऐकलेलं, आमच्या लग्नांच्या पंगतीत हे लोक शेजारी बसलेले. तरी मला ते नाव न वाटता उत्तर टाळणं वाटलं.  आजही ते आठवलं की कसंतरी होतं.

आमच्यात एक रीत आहे. लायब्ररीची चूक सुधारली की ती कोणामुळे कळली त्याचं नाव सुधारणेखाली लिहायचं. मी घरी येऊन ती ओळ लिहिली. शंकर निनावे, आचारी, नागपूर. देवनागरीतच लिहिली, आडव्या र चा मान म्हणून.

दुसऱ्या दिवशी मारेकचा निरोप आला. त्यानं ती ओळ भाषांतराच्या यंत्रातून काढून बघितली होती. तो म्हणत होता, यंत्र सांगतं की या माणसाचं नाव माहीत नाही. नाव द्यायचं नसेल तर ती ओळ काढून टाकू का?

मी लिहिलं, काढू नकोस. त्याचं नाव हेच आहे. मी विचारून आले आहे.